‘मॉर्गेज’ या शब्दाच्या कसोटीवर एक गृहकर्ज : वडोदऱ्यातील एका बँक शाखेचे परीक्षण

गृहकर्ज कसे होते असे कोणी विचारले की आपण व्याजाचा दर सांगतो, मंजुरी किती लवकर मिळाली ते सांगतो आणि फार तर प्रक्रिया शुल्काबद्दल नाराजी व्यक्त करतो. माझ्या मते एवढ्यावर परीक्षण पुरे होत नाही. गृहकर्ज म्हणजे घराचे गहाण आहे, आणि गहाणाची खरी परीक्षा ते ठेवताना होत नाही, सोडवताना होते. वडोदऱ्याच्या जुन्या भागातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतले आमचे कर्ज यंदा पूर्ण फिटले आणि घराचे मूळ कागद हातात आले. त्याच सुमारास माझ्या पुतण्यानेही त्याच शाखेतून नवे कर्ज घेतले, त्यामुळे गहाण ठेवण्याचे आणि सोडवण्याचे अशी दोन्ही कामे मला लागोपाठ जवळून पाहता आली. या परीक्षणात मी व्याजदरापेक्षा या दोन टोकांवर अधिक लिहिणार आहे.

त्यासाठी आधी बँकेच्या प्रत्येक कागदावर येणाऱ्या ‘मॉर्गेज’ या शब्दाकडे वळणे भाग आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यातल्या ‘मॉर्त’चा अर्थ मृत आणि ‘गाज’चा अर्थ तारण, म्हणजे शब्दशः पाहिले तर ते ‘मेलेले तारण’ आहे. इंग्रजीत त्यातला ‘त’ आजही लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. तारण मेले म्हणजे नेमके काय झाले, याची दोन उत्तरे इंग्रजी कायद्याच्या इतिहासात सापडतात, आणि कर्जदाराने ती दोन्ही लक्षात ठेवावीत इतकी ती उपयोगाची आहेत.

पंधराव्या शतकातील न्यायाधीश थॉमस लिटलटन यांनी दिलेले उत्तर अधिक प्रसिद्ध आहे, आणि पुढे एडवर्ड कोक यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाष्यामुळे ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. लिटलटन म्हणतात की ऋणको ठरलेल्या दिवशी पैसे देईल की नाही हे अनिश्चित असते. त्याने दिले नाहीत तर जमीन त्याच्यापुरती मेली, आणि दिले तर तारण धनकोपुरते मेले. दोघांपैकी कोणासाठी तरी ते मरणारच, म्हणून हे नाव. हे उत्तर ऐकायला सुबक आहे, पण त्याच्याही सुमारे तीनशे वर्षे आधी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, राजा दुसरा हेन्री याचा मुख्य न्यायाधिकारी रॅनल्फ द ग्लॅनव्हिल याच्या नावावर असलेल्या कायदाग्रंथात निराळीच व्याख्या आढळते. ज्या गहाणात जमिनीचे उत्पन्न धनको खातो आणि त्या उत्पन्नातून मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही, ते मेलेले गहाण. याउलट उत्पन्न कर्जाच्या फेडीत जमा होत जाते तेव्हा ते गहाण जिवंत मानले जाई. मेलेल्या गहाणाला राजाच्या न्यायालयाने मनाई केली नव्हती. मात्र त्याची गणना सावकारीच्या पापात होत असे.

मला ग्लॅनव्हिलची व्याख्या अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात ऋणकोच्या मनातला खरा प्रश्न आहे. आपण दरमहा भरतो त्यातून कर्ज खरोखर उतरते आहे का, हा तो प्रश्न.

आपल्याकडच्या मंडळींना हा भेद शिकवावा लागत नाही. ताबेगहाण आणि नजरगहाण हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. शेताचा ताबा सावकाराकडे गेला तर ताबेगहाण, आणि ताबा आपल्याकडेच राहून केवळ हक्क लिहून दिला तर नजरगहाण. त्याच्याही मागे जायचे तर याज्ञवल्क्य स्मृतीत गहाण वस्तूला ‘आधि’ म्हटले असून, केवळ जपून ठेवायचा तो गोप्य आणि ज्याचे फळ धनकोने उपभोगायचे तो भोग्य, असे त्याचे प्रकार मानले गेले आहेत. ‘आधिः प्रणश्येद् द्विगुणे धने यदि न मोक्ष्यते’ हा तिथला नियम, म्हणजे कर्ज दुप्पट होईपर्यंत सोडवला नाही तर तो आधि हातचा जातो; पण त्याच श्लोकाच्या शेवटी ‘फलभोग्यो न नश्यति’ असेही म्हटले आहे. ज्याचे फळ धनको आधीच खातो आहे, ते गहाण कधीही बुडत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ताबेगहाणाच्या बाबतीत, केवळ काही वर्षे उलटली म्हणून मालकाचा सोडवणुकीचा हक्क बुडत नाही, असा निर्णय दिला तेव्हा मला या शब्दांची आठवण झाली होती.

वडोदऱ्याला तर हा विषय राज्यकारभारातूनच परिचित आहे. १८०२ च्या सुमारास गायकवाडांच्या अरब शिबंदीचे थकलेले पगार चुकते करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी आणि येथील पेढीवाले यांच्याकडून मोठे कर्ज काढावे लागले आणि त्यापोटी काही महालांचा, म्हणजे परगण्यांचा, वसूल लावून देण्यात आला. वसूल फेडीत जमा होत होता, म्हणजे ग्लॅनव्हिलच्या भाषेत ते जिवंत गहाण होते. कर्जापोटी काय अडकते आणि ते कसे मोकळे होते, याची समज या गावाला तेव्हापासून आहे.

आता शाखेकडे येतो. पुतण्याचे कर्ज ज्या प्रकारात झाले त्याला कायद्यात हक्कलेख ठेवून केलेले गहाण म्हणतात; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये सांगितलेल्या सहा प्रकारांपैकी हा एक. यात घराचा ताबा आपल्याकडे राहतो, वेगळे गहाणखत करण्याची गरज पडत नाही, मूळ कागद तारणाच्या हेतूने धनकोच्या हाती देणे हीच गहाणाची कृती असते. त्यामुळे हेतू महत्त्वाचा, आणि तो स्पष्टपणे व्यक्त झाला पाहिजे. या शाखेतील अधिकारी बाईंनी हे काम ज्या काळजीने केले त्याची मी मनापासून प्रशंसा करतो. त्यांनी पुतण्यालाच कागद हातात घ्यायला सांगितले, मग यादी समोर ठेवून एकेका दस्ताचे नाव मोठ्याने वाचले: आधीच्या मालकांच्या नावांचे जुने दस्तावेज, पुतण्याच्या नावाचा नोंदणीकृत दस्तावेज, नोंदणीची पावती, रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणि चालू वर्षाचा वेरा म्हणजे घरपट्टी भरल्याची पावती. प्रत्येक दस्ताची पाने मोजून यादीत पेन्सिलीने आकडा लिहिला आणि अखेरीस विचारले, “हे सगळे कागद तुम्ही कर्जाचे तारण म्हणून बँकेकडे ठेवताय, बरोबर ना, भाऊ?” पुतण्याने हो म्हटल्यावरच त्यांनी कागद स्वीकारले, आणि यादीची सही-शिक्क्याची प्रत मागायच्या आत त्याच्या हातात ठेवली. ही प्रत फार महत्त्वाची असते. अनेक ठिकाणी ती मागूनही मिळत नाही, आणि वर्षांनंतर कोणता कागद दिला होता यावर वाद होतो तेव्हा कर्जदाराकडे दाखवायला काहीच नसते.

कर्जाच्या अटींचा गोषवारा देणारे मुख्य तथ्य पत्रकही मिळाले. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून असे पत्रक देणे सर्व किरकोळ कर्जांसाठी बंधनकारक झाले आहे आणि त्यात व्याज व शुल्के मिळून पडणारा एकूण वार्षिक दर छापावा लागतो. कर्जदाराला कळेल अशा भाषेत ते असावे, अशीही अपेक्षा आहे. शाखेने ते इंग्रजीत आणि गुजरातीत दिले. वडोदऱ्यातील मराठी माणसाला गुजराती वाचता येते, त्यामुळे पुतण्याचे अडले नाही. परंतु माझ्या वहिनी, ज्या या कर्जात सहअर्जदार आहेत आणि ज्यांचे सारे वाचन मराठीत झाले आहे, त्यांना ते मीच समजावून सांगितले. ज्या गावात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत, तिथल्या शाखेने मराठी पत्रकाची व्यवस्था करायला हवी, आणि मी तसे त्यांना लेखी कळवले आहे.

शाखेचा सर्वांत कच्चा भाग कर्जाच्या मधल्या काळात आढळतो, आणि ग्लॅनव्हिलची व्याख्या इथेच कामाला येते. १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदराशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. एक साधे गणित मांडतो. २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १५,५०६ रुपयांच्या आसपास बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ११,६६७ रुपये व्याजात जातात आणि ३,८३९ रुपये मुद्दलातून उतरतात. हाच दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला आणि शिल्लक अजून २० लाखांच्या जवळपास असली तर महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. हप्ता जुनाच ठेवला तर तो व्याजालाही पुरत नाही, आणि नियमाने हप्ता भरत असूनही कर्ज वाढत जाते. बाराव्या शतकात ज्याला मेलेले गहाण म्हटले गेले त्याची ही आजची आवृत्ती आहे, आणि कर्ज नुकतेच घेतलेल्या लोकांना तिचा धोका सर्वाधिक असतो.

आमचे कर्ज त्या वेळी बरेच उतरलेले होते, म्हणून ही पाळी आली नाही; पण हप्ता तोच ठेवून मुदत वाढवल्याचे आम्हाला केवळ मोबाईलवरच्या एका संदेशातून समजले. हप्ता वाढवून हवा की मुदत, हे कोणी विचारले नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी याबाबत स्पष्ट सूचना दिल्या: दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे हा पर्याय कर्जदाराला द्यावा, मुदतवाढीमुळे कर्ज उलटे वाढू नये, आणि अंशतः किंवा पूर्ण फेड मुदतीत केव्हाही करण्याची मुभा असावी. या सूचनांनंतर मी शाखेत जाऊन हप्ता वाढवून घेतला. अर्ज एका पानाचा होता, काम तिथल्या तिथे झाले, कोणी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणजे सोय आहे, ती आपणहून सांगण्याची पद्धत मात्र शाखेत अजून रुजलेली नाही. पुतण्याला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे की दरवर्षी एप्रिलमध्ये खात्याचा उतारा घ्यायचा आणि वर्षभरात मुद्दल किती उतरले ते स्वतः पाहायचे.

मुदतीआधी फेड करताना या बँकेने कोणतेही शुल्क मागितले नाही. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर ते घेताच येत नाही, त्यामुळे यासाठी वेगळे कौतुक करण्याचे कारण नाही. तरीही उल्लेख करतो, कारण आमचे कर्ज या बँकेत येण्याआधी ज्या खासगी वित्तसंस्थेकडे होते तिथे कर्ज हलवताना निरनिराळ्या नावांनी रकमा मागितल्या गेल्या आणि कागदांची यादी देण्यासाठी पुन्हा पुन्हा टोलवाटोलवी झाली. कर्ज देताना ज्या संस्थेचा माणूस घरी येऊन सह्या घेऊन गेला होता, तिथे कागद मागायला गेल्यावर बसायला सांगणारेही कोणी नव्हते.

आता सोडवणूक. लिटलटनच्या वाक्याचा उत्तरार्ध, पैसे दिले की तारण धनकोपुरते मेले, हा आपल्या कायद्याच्या कलम ६० चा आत्मा आहे: पैसे चुकते केल्यावर कागद, असल्यास ताबा, आणि लागेल तिथे हक्क परत लिहून देणे ही धनकोची जबाबदारी ठरते. इंग्लंडमध्ये हे सहजासहजी झाले नाही. ठरलेला दिवस चुकला की जमीन गेलीच, असा तिथल्या सामान्य कायद्याचा (कॉमन लॉ) खाक्या होता. सतराव्या शतकात चान्सरी या न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या न्यायालयाने उशिरा का होईना पैसे घेऊन येणाऱ्या ऋणकोला जमीन सोडवू देण्याचा पायंडा पक्का केला, आणि ‘एकदा गहाण ते कायम गहाणच’ हे तत्त्व त्यातून पुढे आले. गहाणाचे रूपांतर विक्रीत करणारी कोणतीही चलाखीची अट त्यापुढे टिकत नाही.

तत्त्व असे भक्कम असले तरी कर्जदाराचे हाल होत ते कागद परत मिळवताना. म्हणून रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश मला गेल्या कित्येक वर्षांतला कर्जदाराच्या सर्वांत उपयोगाचा आदेश वाटतो. १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे बंधनकारक आहे. धनकोच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाले तर दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे हेही धनकोवरच आहे, त्यासाठी आणखी ३० दिवसांची सवलत आहे. कर्जदाराचे निधन झाल्यास वारसांना कागद कसे मिळतील याची पद्धत बँकेने आधीच ठरवून आपल्या संकेतस्थळावर द्यायची आहे.

आमच्या शाखेने ही मुदत पाळली. कागद शाखेत नसतात, बँकेच्या केंद्रीय साठवणीतून मागवावे लागतात, हे अंतिम हप्त्याच्या वेळीच सांगितले गेले, आणि कोणत्या शाखेतून ते घेणे सोयीचे होईल असेही विचारले. कागद आल्यावर दूरध्वनी आला. देण्याच्या वेळी पुन्हा तीच यादी, तेच मोठ्याने वाचणे. “काका, पाने मोजून घ्या, घाई नका करू,” असे त्या अधिकारी बाई स्वतः म्हणाल्या. आमच्या १९८० च्या दशकातील जुन्या दस्ताचे शेवटचे पान घडीवर फाटू लागले होते, ते त्यांनी पारदर्शक पाकिटात घालून दिले. थकबाकी नसल्याचा दाखला त्याच दिवशी मिळाला.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. गहाणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीतही केलेली असते आणि कर्ज फिटल्यावर तीही काढावी लागते. कागद आणि दाखला मिळाल्यानंतर मी त्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून शोध घेतला, तेव्हा आमच्या घरावरचा बोजा तसाच दिसत होता. शाखेला लेखी कळवल्यावर तो काही दिवसांत निघाला, आणि तेव्हाही ३० दिवस पुरे झालेले नव्हते, म्हणून मी याला नियमभंग म्हणणार नाही. पण हे मागितल्याशिवाय व्हायला हवे होते. उद्या घर विकायला काढले आणि घेणाऱ्याच्या वकिलाने शोध घेतला तर कागद हातात असूनही व्यवहार अडू शकतो. ज्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर बोजाची नोंद झालेली आहे त्यांनी बँकेचे पत्र घेऊन सिटी सर्व्हे कार्यालयातून तीही कमी करून घ्यावी. शाखा ते आपणहून करत नाही, पत्र मात्र विनासायास देते.

व्याजदर इतर राष्ट्रीयीकृत बँकांच्या बरोबरीचाच आहे, एखाद्या खासगी बँकेत थोडा कमीही मिळू शकेल. प्रक्रिया शुल्क, वकिलाच्या शोध अहवालाचा खर्च आणि मूल्यांकनाचे पैसे मिळून पुतण्याचा खर्च त्याच्या अंदाजापेक्षा अधिक झाला, पण प्रत्येक रकमेची पावती मिळाली. बसायची जागा अपुरी आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनधारकांची गर्दी असते, त्यामुळे कर्जाच्या कामासाठी त्यानंतरचे दिवस निवडावेत आणि सकाळीच जावे.

वडोदऱ्यात राहते घर घेणाऱ्यांना मी या शाखेचे नाव सुचवतो आहे, आणि जे विचारतील त्यांना प्रत्यक्ष सांगेनही. कर्जाआधी तिथे तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: ठेवलेल्या कागदांची सहीची यादी, दर बदलल्यास हप्ता व मुदत यांपैकी निवडीचा पर्याय कसा कळवला जाईल त्याचे पत्र, आणि फेड झाल्यावर कागद कोठून व किती दिवसांत मिळतील याचा मंजुरीपत्रातील उल्लेख. यातली तिसरी गोष्ट पुतण्याच्या मंजुरीपत्रात आधीपासूनच छापलेली होती, पहिली न मागता मिळाली, आणि दुसरीसाठी त्याने अर्ज दिला आहे.